कारेल झेमन

कारेल झेमन (३ नोव्हेंबर १९१०, ओस्त्रोमेर्झ – ५ एप्रिल १९८९, गोटवाल्डोव्ह, सध्याचे झ्लीन) हे चेकोस्लोव्हाकियातील चित्रपट दिग्दर्शक, अ‍ॅनिमेशनकार आणि चित्रपटीय युक्त्यांचे जाणकार होते. जिवंत नट, बाहुल्या, सपाट कापीव चित्रे आणि रंगविलेली पार्श्वभूमी एकाच चौकटीत बेमालूम मिसळण्याच्या त्यांच्या पद्धतीमुळे ते जगभर ओळखले जातात. ज्यूल व्हर्नच्या कथांवर आधारलेले त्यांचे चित्रपट सर्वाधिक गाजले. तथापि पृथ्वीवरील जीवसृष्टीचा इतिहास मुलांना समजावून देणारा १९५५ सालचा ‘त्सेस्ता दो प्राव्येकु’ (अर्थ : आदिकाळाकडे प्रवास) हा त्यांचा चित्रपट शिक्षणाच्या दृष्टीने त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचा ठरतो. हा चित्रपट कल्पनारम्य आहे, परंतु त्यातील प्राणी कल्पनेतून आलेले नाहीत. जीवाश्मांच्या आधारे त्या काळी जे ज्ञात होते त्यावरच ते बेतलेले आहेत.

सुरुवातीचे जीवन

झेमन यांचा जन्म पूर्व बोहेमियातील ओस्त्रोमेर्झ या गावी झाला. हा प्रदेश तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होता. ते आठ वर्षांचे होण्याच्या सुमारास साम्राज्य कोसळले आणि चेकोस्लोव्हाकिया हे नवे प्रजासत्ताक अस्तित्वात आले. मुलाने व्यापारात जम बसवावा या घरच्यांच्या इच्छेनुसार त्यांनी कोलीन येथे व्यापारी शिक्षण घेतले. चित्रकलेची ओढ मात्र सुटली नाही, आणि या दोहोंचा मेळ घालणारा एकच व्यवसाय त्या काळी उपलब्ध होता. तो म्हणजे जाहिरात.

जाहिरातकलेचे शिक्षण घेण्यासाठी ते फ्रान्सला गेले आणि १९३६ पर्यंत मार्सेय येथील एका जाहिरात कार्यालयात त्यांनी काम केले. अ‍ॅनिमेशनशी त्यांचा पहिला संबंध तिथेच आला, तोही साबणाच्या एका जाहिरातपटाच्या निमित्ताने. त्यानंतर इजिप्त, ग्रीस आणि युगोस्लाव्हिया येथे प्रवास करून ते मायदेशी परतले. दुसऱ्या महायुद्धात देश जर्मनीच्या ताब्यात असताना ते ब्रनो शहरात एका व्यापारी संस्थेच्या जाहिरात विभागाचे प्रमुख होते.

ब्रनोमध्ये दुकानांच्या दर्शनी खिडक्या सजविण्याची एक स्पर्धा झाली. तिच्यावरील वार्तापटासाठी दिग्दर्शक एल्मार क्लोस तेथे आले होते. स्पर्धा झेमन यांनी जिंकली. काचेमागच्या अरुंद जागेत वस्तू मांडून पाहणाऱ्याला क्षणभर थबकवण्याचे त्यांचे कौशल्य पाहून क्लोस यांनी त्यांना झ्लीन येथील चित्रपटगृहनिर्मिती केंद्रात, म्हणजे तेथील स्टुडिओत, येण्याचे निमंत्रण दिले. पत्नी आणि मुले ब्रनोत स्थिरावलेली असल्याने झेमन यांनी निर्णयाला काही वेळ घेतला. १९४३ साली ते झ्लीनला गेले. हेच क्लोस पुढे यान कादार यांच्यासह ऑस्कर पारितोषिक मिळविणाऱ्या चित्रपटाचे दिग्दर्शक झाले.

झ्लीन येथील कार्य

झ्लीन हे बाटा या पादत्राणे बनविणाऱ्या उद्योगाचे गाव. भारतीय वाचकांना बाटा हे नाव दुकानांवरून परिचित असले, तरी या उद्योगाने आपल्या जाहिराती करण्यासाठी १९३०च्या दशकात झ्लीनजवळच्या कुद्लोव्ह टेकडीवर स्वतःचा चित्रपट स्टुडिओ उभारला होता, हे फारसे ठाऊक नसते. युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातील चित्रपट व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि हा स्टुडिओ सरकारी झाला. १९४९ साली गावाचे नावही साम्यवादी राष्ट्राध्यक्ष क्लेमेंट गोटवाल्ड यांच्यावरून गोटवाल्डोव्ह असे बदलण्यात आले. राजधानी प्राग येथे यिर्झी त्रन्का यांच्या भोवती बाहुलीपटाचे एक केंद्र निर्माण होत असताना, दूर मोराव्हियातील या औद्योगिक गावात दुसरे केंद्र वाढत होते.

झेमन प्रथम हेर्मिना तिर्लोव्हा यांचे साहाय्यक म्हणून काम करू लागले. चेक बाहुलीपटाच्या आद्य निर्मात्यांमध्ये तिर्लोव्हा यांची गणना होते. १९४५ साली झेमन यांच्याकडे स्वतंत्र गटाचे नेतृत्व आले. त्याच वर्षी बोर्झिवोय झेमन यांच्यासमवेत त्यांनी ‘नाताळचे स्वप्न’ हा लघुपट केला. त्यात बाहुल्या आणि जिवंत माणसे एकत्र येतात. १९४६ साली कान येथील चित्रपट महोत्सवात त्याला पारितोषिक मिळाले. यानंतर श्रीयुत प्रोकोउक या टोपीवाल्या बाहुलीची मालिका त्यांनी सुरू केली. समाजातील लहानसहान दोषांवर बोट ठेवणारी ही विनोदी मालिका देशात अतिशय लोकप्रिय झाली.

१९४९ सालच्या ‘प्रेरणा’ या लघुपटासाठी त्यांनी काचेच्या मूर्ती वापरल्या. काच वाकत नाही, आणि चौकटीगणिक मूर्तीची ठेवण किंचित बदलणे हा तर बाहुलीपटाचा प्राण. काचेसारख्या हट्टी माध्यमात हे करता येईल काय, अशा आव्हानातून हा चित्रपट निघाला असे सांगितले जाते. १९५० साली कारेल हाव्हलिचेक बोरोव्स्की यांच्या उपरोधिक काव्यावर आधारित ‘राजा लाव्रा’ आणि १९५२ साली पर्शियन लघुचित्रांच्या शैलीतील ‘पक्षिबेटावरील खजिना’ हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट आला. प्रत्येक चित्रपटात नवे द्रव्य किंवा नवी शैली घ्यायची आणि ती साधली की सोडून द्यायची, हा झेमन यांचा स्वभाव या काळातच स्पष्ट झाला.

आदिकाळाकडे प्रवास

पार्श्वभूमी

प्रागैतिहासिक प्राणी पडद्यावर आणण्याचा प्रयत्न झेमन यांच्या आधी अनेकांनी केला होता. अमेरिकेत विन्सर मॅके यांनी १९१४ साली गर्टी ही रेखाटलेली डायनासोर मादी लोकप्रिय केली. विलिस ओब्रायन यांनी १९२५ सालच्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’ मध्ये सांधे असलेल्या लहान प्रतिकृती चौकटी-चौकटीने हलवून डायनासोर जिवंत केले. वॉल्ट डिस्ने यांच्या ‘फँटेशिया’ (१९४०) या चित्रपटातील एका भागात स्त्राविन्स्की यांच्या संगीताच्या साथीने पृथ्वीच्या जन्मापासून डायनासोरांच्या अंतापर्यंतचा इतिहास दाखविण्यात आला. यांपैकी पहिल्या दोन कृतींचा हेतू करमणूक हा होता. डिस्ने यांच्या भागामागे वैज्ञानिक भूमिका होती, परंतु त्यात पाहणारा कोणी नाही. ज्वालामुखी उसळतात, समुद्र भरतात, प्राणी लढतात आणि मरतात, आणि प्रेक्षक हे सर्व दुरून पाहतो.

झेमन यांनी याच्या उलट मार्ग निवडला. त्यांनी आजच्या काळातील चार मुलगे घेतले आणि त्यांना काळाच्या प्रवाहाविरुद्ध नाव वल्हवत नेले.

या कल्पनेमागे चेक विज्ञानाची एक विशिष्ट परंपरा होती. प्रागच्या नैर्ऋत्येला पुराजीव महाकल्पातील खडकांचा मोठा पट्टा उघडा पडलेला आहे. एकोणिसाव्या शतकात योआखिम बारांद या फ्रेंच अभियंत्याने आपले बहुतेक आयुष्य या पट्ट्यातील जीवाश्म गोळा करण्यात घालविले. १८५२ पासून त्याने प्रसिद्ध केलेल्या बहुखंडी ग्रंथामुळे बोहेमियातील ट्रायलोबाइट जगप्रसिद्ध झाले. ट्रायलोबाइट हे समुद्रात राहणारे, कठीण कवच असलेले संधिपाद प्राणी होते. त्यांच्या शरीराचे लांबीच्या दिशेने तीन भाग पडलेले दिसतात, त्यावरूनच त्यांना हे नाव मिळाले. सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी ते अवतरले आणि सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी पूर्णपणे नष्ट झाले. बारांद याच्या नावावरून प्रागमधील एका भागाला बारांदोव्ह हे नाव पडले, आणि तेथे उभ्या राहिलेल्या स्टुडिओमुळे ते नाव आज चेक चित्रपटाशी जोडलेले आहे. जातिविकासाचा पुरावा म्हणून पुढे ज्यांच्याकडे पाहिले गेले ते जीवाश्म आयुष्यभर जमविणारा हा संशोधक स्वतः मात्र डार्विनच्या सिद्धांताचा विरोधक होता.

झेमन यांचा दुसरा आधार चित्रांचा होता. चित्रकार झ्देन्येक बुरियान (१९०५–१९८१) आणि प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातील पुराजीववैज्ञानिक योसेफ औगुस्ता (१९०३–१९६८) यांनी मिळून प्रागैतिहासिक जीवसृष्टीची चित्रमय पुस्तके तयार केली होती. औगुस्ता यांनी हाडांवरून अनुमान सांगावे आणि बुरियान यांनी त्यावर मांस, कातडी, ऊन आणि चिखल चढवावा, अशी ही जोडी. त्यांच्या पुस्तकांची अनेक भाषांत भाषांतरे झाली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपातील मुलांच्या मनात मॅमथ किंवा स्टेगोसॉरस यांचे जे रूप ठसले ते बऱ्याच अंशी बुरियान यांचे होते. झेमन यांनी ही चित्रे चित्रपटाचा आधार म्हणून घेतली आणि औगुस्ता यांना वैज्ञानिक सल्लागार नेमले. चित्रपटाचे संगीत एमिल फ्रांतिशेक बुरियान यांचे आहे. त्यांचा आणि चित्रकार बुरियान यांचा केवळ आडनावाचा संबंध असल्याने वाचकांचा येथे घोटाळा होऊ शकतो.

कथानक

पेत्र, तोनिक, येन्दा आणि सर्वांत लहान यिर्का असे चार मित्र आहेत. यिर्काजवळ ट्रायलोबाइटचा एक जीवाश्म आहे. हा प्राणी जिवंत असताना कसा दिसत होता, हे त्याला पाहायचे आहे. संग्रहालयातील सांगाडे आणि चित्रे पाहून त्याचे समाधान होत नाही. तेव्हा हे चौघे एका छोट्या नावेतून निघतात, एका गुहेत शिरतात आणि पलीकडे हिमयुगात बाहेर पडतात.

पुढील प्रवासात नदी त्यांना क्रमाक्रमाने मागे नेते. हिमयुगात मॅमथ आणि केसाळ गेंडे भेटतात, तसेच मानवाच्या वास्तव्याच्या खुणा असलेली गुहा लागते. त्यामागे नवजीव महाकल्पाचा उष्ण काळ येतो, त्यात खड्गदंती शिकारी प्राणी आणि न उडणारे प्रचंड पक्षी आहेत. त्याही मागे मध्यजीव महाकल्प, म्हणजे डायनासोरांचा आणि उडणाऱ्या टेरोसॉरांचा काळ. येथे स्टेगोसॉरस आणि मांसाहारी सेरॅटोसॉरस यांची झुंज होते. स्टेगोसॉरस नंतर मृतावस्थेत आढळतो, तेव्हा मुले जवळ जाऊन त्याचे मोजमाप घेतात. पुढे कारबॉनिफेरस कल्पातील दमट, अंधारी दलदल लागते. तेथे नेचे आणि मुसळीसारखी झाडे वृक्षांएवढी उंच आहेत आणि चतुर पक्ष्यांएवढे मोठे. त्यानंतर हिरवळ विरळ होत जाते, जमीन उघडी पडते, आणि प्रवास सिल्युरियन कल्पातील एका समुद्रकिनाऱ्यावर थांबतो. यिर्काला तेथे जिवंत ट्रायलोबाइट सापडतो.

कथानकात खलनायक नाही. प्राणी मुलांच्या मागे लागतात ते क्वचित, आणि तेही मुले वाटेत आली म्हणून. बहुतेक वेळ मुले पाहतात, वाद घालतात, चूक दुरुस्त करतात आणि वहीत नोंद करतात. आजच्या प्रेक्षकाला हे संथ वाटण्याचा संभव आहे. परंतु मृत स्टेगोसॉरसच्या प्रसंगात या संथपणाचा अर्थ कळतो. आदल्या क्षणापर्यंत जो प्राणी देखावा होता तो मुलांच्या हाती पडताच अभ्यासाचा विषय होतो. त्याची लांबी, पाठीवरील पट्टांची जाडी, शेपटीवरचे काटे यांना हात लावता येतो.

चित्रणाची रीत

पडद्यावरील एका सेकंदासाठी २४ चौकटी लागतात. बाहुलीपटात प्रत्येक वेळी बाहुली किंचित हलवून चित्र टिपावे लागते, म्हणजे एका मिनिटाच्या हालचालीमागे चौदाशेहून अधिक चौकटी येतात. झेमन यांनी प्राण्यांसाठी सांधे असलेल्या बाहुल्या केल्या. जेथे प्राणी पाण्यात अर्धा बुडालेला किंवा दूर होता तेथे सपाट आकृत्या वापरल्या, आणि जेथे मुलांना प्राण्याजवळ उभे करायचे होते तेथे खऱ्या आकाराची प्रतिकृती उभारली. मृत स्टेगोसॉरस हा या तिसऱ्या प्रकारातील.

मुले आणि प्राणी एका चित्रात आणण्यासाठी मुख्यतः दोन युक्त्या होत्या. पहिल्या युक्तीत भिंगासमोर चौकटीचा एक भाग झाकून फक्त मुलांचे चित्रण करीत, मग फिल्म मागे फिरवून झाकलेल्या भागात प्राण्याचे चित्रण करीत. नदीचा काठ किंवा झाडांची रांग ही दोन्ही भागांमधली शिवण असे, त्यामुळे जोड डोळ्याला दिसत नसे. दुसऱ्या युक्तीत लहान प्रतिकृती कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आणि मुले दूर ठेवीत. भिंगाला अंतर कळत नसल्याने हातभर प्रतिकृती नावेपेक्षा मोठी दिसे. ही दुसरी युक्ती म्हणजे दुकानाच्या खिडकीतील मांडणीचीच मोठी आवृत्ती होय. ब्रनोतील जाहिरातीचे दिवस येथे उपयोगी पडले असे म्हणावयास हरकत नाही.

शैक्षणिक मूल्य आणि मर्यादा

भूविज्ञान शिकविताना सर्वांत कठीण जाते ते काळाचे प्रमाण. कोटी वर्षे हा आकडा पाठ होतो, पण मनात उतरत नाही. झेमन यांच्या चित्रपटाने काळाला अंतराचे रूप दिले. नदी जितकी वल्हवावी तितका काळ मागे पडतो, आणि काठावरची सृष्टी बदलत जाते. खडकांचे थर एकावर एक साचतात आणि खाली खणत जावे तसतसे जुने जीवाश्म लागतात, हा स्तरविज्ञानाचा मूळ नियम आहे. चित्रपटाने तोच नियम आडवा करून नदीवर मांडला. ओळखीच्या प्राण्यांपासून अनोळखी प्राण्यांकडे जाण्याच्या या क्रमामुळे मुलांना एक गोष्ट न सांगता कळते. मॅमथ आणि डायनासोर कधीही शेजारी नव्हते, आणि डायनासोर पाहायला माणूस नव्हता. त्या काळच्या साहसपटांत गुहामानव आणि डायनासोर यांची झुंज सर्रास दाखविली जात असे, हे लक्षात घेता या काटेकोरपणाचे महत्त्व कळते. मुले स्वतः तेथे आहेत, परंतु पाहुणी म्हणून, आणि चित्रपट हे कोठेही विसरू देत नाही.

उलट क्रमाची किंमतही चित्रपटाला मोजावी लागली. जातिविकास हा कारणांचा इतिहास आहे. एका पिढीतील लहान फरक, त्यांची नैसर्गिक निवड आणि बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेणाऱ्या वंशांचे टिकणे हे पुढच्या दिशेने घडते. मागे जाताना प्रेक्षकाला कोणत्या काळानंतर कोणता काळ येतो हे दिसते. मात्र एका काळातील जीवांपासून दुसऱ्या काळातील जीव कसे निर्माण झाले हे दिसत नाही. मासे पाण्याबाहेर कसे आले, सरीसृपांपासून पक्षी कसे झाले, या प्रश्नांना चित्रपट हात घालीत नाही. तो क्रम शिकवतो, यंत्रणा शिकवत नाही. ती शिक्षकाला फळ्यावर समजवावी लागते.

आणखी एक मर्यादा प्रवासाच्या शेवटाशी आहे. सिल्युरियन कल्प सुमारे ४४ ते ४२ कोटी वर्षांपूर्वीचा, तर पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. म्हणजे इतके वल्हवूनही मुले पृथ्वीच्या इतिहासाचा जेमतेम एक दशांश भाग मागे गेलेली असतात. तप्त गोळ्यापासून कवचाची निर्मिती, पहिले समुद्र, अब्जावधी वर्षे चाललेले एकपेशीय जीवांचे राज्य आणि त्यांनी वातावरणात सोडलेला प्राणवायू, हे सर्व त्या किनाऱ्याच्या पलीकडे राहते. शिवाय सिल्युरियन समुद्रात जीव नुकतेच अवतरले होते असे नव्हे. ट्रायलोबाइटांचा भरभराटीचा काळ तेव्हा सरत आला होता. अर्थात १९५०च्या दशकात त्याआधीच्या जीवांचे जीवाश्म फारच थोडे ज्ञात होते, आणि सूक्ष्मजीवांना काठावर उभे राहून पाहणे शक्यही नाही. नाव जेथे थांबते तेथे थांबण्यास कारण होते.

प्राण्यांच्या चित्रणातील काही गोष्टी पुढील संशोधनाने कालबाह्य ठरविल्या. चित्रपटातील डायनासोर शेपूट जमिनीवर ओढत जड पावलांनी चालतात, आणि ब्राँटोसॉरस आपले वजन पेलण्यासाठी पाण्याचा आश्रय घेतो. १९६०च्या दशकाच्या अखेरीस डायनोनिकस या चपळ शिकारी डायनासोराच्या अभ्यासानंतर ही समजूत बदलू लागली, आणि १९९०च्या दशकात चीनमध्ये पिसे असलेल्या डायनासोरांचे जीवाश्म मिळाल्यावर तिची जागा निराळ्याच चित्राने घेतली. तसेच सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा स्टेगोसॉरस आणि सुमारे ७.५ कोटी वर्षांपूर्वीचा स्टायरॅकोसॉरस हे दोन्ही चित्रपटात प्रवासाच्या एकाच टप्प्यात भेटतात. त्या दोघांमधील अंतर जवळजवळ स्टायरॅकोसॉरस आणि आपण यांच्यातील अंतराएवढे आहे. वर्गात हा चित्रपट दाखविताना या जागा दाखवून देता येतात. किंबहुना १९५५ मध्ये काय ठाऊक होते आणि आज काय ठाऊक आहे, याची तुलना हा स्वतंत्र धडा होऊ शकतो.

अमेरिकेतील आवृत्ती

१९६६ साली या चित्रपटाची इंग्रजी आवृत्ती अमेरिकेत प्रदर्शित झाली. तिच्यासाठी सुरुवातीचा भाग नव्याने चित्रित करण्यात आला. मुले न्यूयॉर्कमधील अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी पाहतात आणि सेंट्रल पार्कमधील तळ्यावरून नावेने निघतात, असे त्यात दाखविले आहे. मुलांची नावेही बदलण्यात आली. ही आवृत्ती लहान भागांत तोडून दूरचित्रवाणीवरील मुलांच्या कार्यक्रमांतही दाखविली गेली. त्यामुळे अमेरिकेतील एका पिढीने हा चित्रपट पाहिला, परंतु तो चेक आहे आणि त्याचा कर्ता कोण हे त्यांपैकी अनेकांना ठाऊक नव्हते. बोहेमियाच्या खडकांतील ट्रायलोबाइट न्यूयॉर्कच्या संग्रहालयात गेल्याने कथेचा मूळ धागा थोडा सैल झाला, हेही खरे.

पुढील चित्रपट

यानंतर झेमन यांनी वास्तवाचा आभास निर्माण करण्याचा मार्ग सोडला. १९५८ सालच्या ‘विनाशाचा शोध’ या ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवरील चित्रपटात त्यांनी व्हर्नच्या जुन्या पुस्तकांतील लाकडी ठशांच्या चित्रांची रेषा जशीच्या तशी पडद्यावर आणली. नट खरे, पण समुद्र, जहाजे, भिंती आणि पोशाख यांवर ठशाच्या बारीक रेघा. त्याच वर्षी ब्रुसेल्स येथील जागतिक प्रदर्शनानिमित्त झालेल्या चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, आणि १९६१ साली तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. १९६०च्या दशकाच्या आरंभी आलेल्या ‘बॅरन प्राशिल’ मध्ये म्युन्शहाउझेन या थापाड्या सरदाराच्या कथा त्यांनी गुस्ताव्ह दोरे यांच्या चित्रांच्या धर्तीवर उभ्या केल्या.

तीस वर्षांच्या युद्धावरील ‘विदूषकाची बखर’ (१९६४) हा त्यांचा सर्वांत कडवट चित्रपट. त्यात सैन्ये जिंकतात आणि हरतात ती वारा फिरेल तशी. पुन्हा व्हर्नकडे वळून त्यांनी चोरलेल्या हवाई जहाजावरील चित्रपट आणि ‘धूमकेतूवर’ (१९७०) हे चित्रपट केले. दुसऱ्या चित्रपटात डायनासोर पुन्हा अवतरतात, पण या वेळी विनोदासाठी. वसाहतवादी सैन्याची फजिती करणे एवढेच त्यांचे काम. १९७०च्या दशकात ते पूर्णतः अ‍ॅनिमेशनकडे परतले. सिंदबादच्या कथा, एका जादूगाराच्या शिष्याची अंधारी लोककथा आणि १९८० सालची होन्झिक व मार्झेन्का यांची परीकथा ही त्यांची अखेरची कामे होत. त्यांत कापीव चित्रांचा वापर आहे आणि युक्त्यांचा सोस नाही. सरकारने त्यांना राष्ट्रीय कलावंत हा किताब दिला होता.

अखेरची वर्षे आणि वारसा

झेमन यांची कन्या लुद्मिला हिने अखेरच्या चित्रपटांत त्यांच्यासमवेत काम केले. १९८०च्या दशकात ती देश सोडून कॅनडात स्थायिक झाली आणि तेथे गिल्गमेशच्या कथेवरील सचित्र पुस्तकांमुळे लेखिका व चित्रकार म्हणून नावारूपाला आली. झेमन मात्र झ्लीनमध्येच राहिले. ५ एप्रिल १९८९ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. साम्यवादी राजवट कोसळण्यास तेव्हा सुमारे सात महिने उरले होते. पुढील वर्षी गावाला झ्लीन हे जुने नाव परत मिळाले.

चित्रपट दिग्दर्शक टेरी गिल्यम यांच्यावरील त्यांचा प्रभाव सर्वमान्य आहे. गिल्यम यांनी स्वतःही बॅरन म्युन्शहाउझेनवर चित्रपट केला, आणि तो झेमन यांच्या निधनाच्या सुमारासच प्रदर्शित झाला. प्रागमध्ये चार्ल्स पुलाजवळ २०१२ साली कारेल झेमन संग्रहालय सुरू झाले. तेथे चित्रपटांतील मूळ वस्तू मांडलेल्या आहेत आणि पाहणाऱ्यांना त्यांच्या युक्त्या स्वतः करून पाहता येतात. या संग्रहालयाच्या सहभागाने झेमन यांच्या प्रमुख चित्रपटांच्या जुन्या फिल्मची अंकीय स्वच्छता करण्यात आली. ‘आदिकाळाकडे प्रवास’ची स्वच्छ प्रत २०१९ साली तयार झाली, आणि २०२० साली तो व्हर्न व म्युन्शहाउझेनवरील दोन चित्रपटांसह एका अमेरिकी संचात प्रसिद्ध झाला. या संचामुळे इंग्रजी भाषिक प्रेक्षकांना न्यूयॉर्कच्या जोडप्रसंगाशिवायचा मूळ चेक चित्रपट, यिर्का आणि त्याच्या जीवाश्मासह, सहज उपलब्ध झाला.